आतून कडी

आत्याला आत्या म्हणायला तुम्ही तिचे भाचे असायलाच हवेत असं काही नव्हतं. दूधवाला तिला आत्या म्हणे, समोरच्या इमारतीतला पहारेकरी आत्या म्हणे, आणि तिच्याहून वयाने मोठे असलेले शेजारचे निवृत्त मास्तरसुद्धा "काय आत्या, आज उशीर?" असं खुशाल विचारत. खरी आत्या ती एकाचीच होती. तो भाचा आता चाळिशी ओलांडलेला, टक्कल पडायला लागलेला, एका विमा कार्यालयात मान मोडून काम करणारा गृहस्थ होता. घरात मात्र तो अजून बाळ्याच होता.

बाळ्या शाळेत असताना त्याची आई आजारी पडली, ती पुन्हा उठली नाही. तेव्हा आत्या एक बॅग घेऊन भावाकडे आली, ती आलीच. तशी तिला मागे ओढणारी कुठली जागाही नव्हती. सासरी असताना ती दोन खोल्यांमधल्या बोळात झोपायची. ज्याला पाणी प्यायला जायचं असेल तो तिला ओलांडून जायचा, आणि काहीजण तर ओलांडायचीही तसदी घेत नसत. पुढे नवऱ्याने दुसरीकडे संसार थाटला. मग ती बायकांच्या वसतिगृहात राहिली. तिथे एका हॉलमध्ये ओळीने खाटा होत्या, आणि आपल्या खाटेवर आपण नसताना कोण बसून गेलं हे चादरीवरून ओळखायचं.

भावाने तिच्यासाठी स्वयंपाकघरामागची कोठीची खोली रिकामी केली. रिकामी म्हणजे काय, डबे वर फळीवर गेले आणि कांदे-बटाटे खाटेखाली सरकले. खोलीला हातभर खिडकी होती. दाराला कडी होती, पण ती बाहेरून. कोठीच ती, तिच्यात आत राहून कडी लावायची पाळी कुणावर येणार? भावाने बाजारातून पितळेची एक जाडजूड कडी आणली आणि स्वतः आतून बसवली. वाकडीच बसली. जन्मात कधी स्क्रू पिळला नव्हता बिचाऱ्याने.

"ही खोली तुझी," तो म्हणाला. "कडी लावलीस की कुणी हाक मारली तरी उघडू नकोस."

आत्याने त्याच संध्याकाळी कडी लावली, काढली, पुन्हा लावून पाहिली. मग खाटेवर बसून पोटभर रडली. पुढची सगळी वर्षं तिने निवृत्त होईपर्यंत शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कॉलर शिवल्या, घरी येऊन बाळ्याला वाढवलं, भावाचं आजारपण काढलं, त्याला पोचवलं, बाळ्याचं लग्न केलं, त्याची मुलगी सांभाळली. आणि रोज दुपारी, नाहीतर कामावरून आल्यावर, थोडा वेळ ती कडी लावून बसली. आत ती काय करायची? काही नाही. तेच तर सुख होतं. दिवसभरात तेवढाच वेळ तिच्याकडे कुणाचं काही काम नसे. तरीही कधीकधी बाहेरून आरोळी यायचीच, "आत्या, कांदे!" मग दार बोटभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा, दोन कांदे ठेवून आत जायचा आणि कडी पुन्हा लागायची.

घरात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्याने करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त उत्साह आत्यालाच होता. कारणही तसंच होतं. ओट्याची फरशी मधोमध तडकलेली होती, सिंकखालचं कपाट कुजलं होतं, आणि न्हाणीघराचं पाणी खालच्यांच्या छतातून ठिबकून त्या बाई जिन्यात भेटल्या की तोंड फिरवून जायच्या. नात आता कॉलेजात जाऊ लागली होती. एका न्हाणीघरापुढे सकाळी चार माणसं टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहायची, ती जणू रेशनच्या दुकानापुढे. भाचेसून एका तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. तिला घरातून सगळ्यांत आधी निघावं लागे, आणि नात नेमकी तेव्हाच केस धुवायला घेई. रोजची रणधुमाळी.

टाइल्सचे नमुने आले. जेवायच्या टेबलावर एवढे तुकडे पसरले की ताट मांडायला जागा उरेना. भाचेसुनेला राखाडी हवा होता, नातीला निळा, बाळ्याला जो कुठला लवकर ठरेल तो. ओट्याच्या उंचीसाठी आत्याला भिंतीशी उभी करून कोपरापाशी पेन्सिलीने खूण केली. ट्रॉल्या कुठे, डब्यांचा कप्पा कुठे, ताटं कुठे, सगळं तिला विचारून ठरलं. "तुम्ही म्हणाल तसं, आत्या," भाचेसून म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली होती. वाईट बाई नव्हती ती. या गोष्टीत वाईट असं कुणीच नाही, हीच तर पंचाईत आहे.

काम सुरू व्हायच्या दिवशी सगळे आपापल्या वाटेने गेले. आत्या आहे ना घरी, या एका वाक्यावर ते घर वर्षानुवर्षं चाललं होतं. कंत्राटदार आला, सोबत गवंडी आणि त्याची माणसं आली. कंत्राटदाराने नकाशा ओट्यावर पसरला, मग मागची कोठी उघडून पाहिली.

"आत्या, ही खाट कुणाची?"

"माझी. का?"

"बाहेर घ्यावी लागेल. सुरुवात इथूनच करतो."

"इथून कशाला? स्वयंपाकघर अलीकडे आहे."

कंत्राटदाराने नकाशावर बोट ठेवलं. "हे बघा ना. इथे दुसरं न्हाणीघर. इथे शॉवर, इथे कमोड, या कोपऱ्यात बेसिन. साहेबांनी सांगितलं नाही?"

आत्याने नकाशा पाहिला. आजवर तिला त्याचा स्वयंपाकघराचा तुकडाच दाखवला होता, आणि तिनेही तेवढाच पाहिला होता.

गवंडी हातोडा घेऊन उभा होता. एक फोन केला असता तर बाळ्या धावत आला असता, याबद्दल शंका नको. पण आत्याने त्या घरात कधी काही मागितलं नव्हतं. मागायचं म्हटलं की आधी खात्री हवी आपण मागू शकतो याची, आणि ती तिला कधीच नव्हती. भाऊ असता तर गोष्ट वेगळी. तिला वाटलं, त्यांनी घरात बसून विचार केला असेल, ठरवलं असेल, आपल्याला सांगायला जड गेलं असेल.

"करा सुरू," ती म्हणाली. गादीची वळकटी तिने स्वतःच उचलली.

इथेच तिचं चुकलं, असं पुढे मास्तर म्हणाले. पण मास्तरांचं काय जातंय म्हणायला?

संध्याकाळी बाळ्या घरी आला तेव्हा कोठीची भिंत अर्धी खाली होती, फरशी उखडली होती आणि आत्याची लोखंडी खाट बाल्कनीत प्लास्टिकखाली उभी करून ठेवली होती. आत्या हॉलमध्ये वळकटीवर बसली होती.

"तिथे न्हाणीघर होणार हे मला कंत्राटदाराकडून कळावं ना रे?" ती म्हणाली.

बाळ्याने बायकोकडे पाहिलं. "तू बोलली नाहीस?"

"मी? मला वाटलं तू बोललास. तुझी आत्या आहे."

"अगं, ओट्याचं सगळं तूच तर बोलत होतीस तिच्याशी!"

खरंच, दोघांनाही तसंच वाटलं होतं. मग बाळ्या घाईघाईने बोलू लागला. हॉलमध्ये छान दिवाण करू, खाली कपड्यांना कप्पे, वर पंखा, समोर टीव्ही. कोठीत कसली हवा यायची? आणि रात्री उठावं लागलं तर न्हाणीघर जवळच. "तुझ्या सोयीचाच विचार केला गं आम्ही."

"बरं," आत्या म्हणाली. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि ते झाकायचा तिने तसा काही प्रयत्नही केला नाही. पण समोरचे दोघे आधीच इतके ओशाळले होते की तिचं तोंड पाहायची हिंमत कुणात नव्हती.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते ज्याने घरात राहून काम करवून घेतलंय त्यालाच विचारा. शेगडी हॉलमध्ये स्टुलावर, भांडी बाल्कनीत टबात, फ्रिज झोपायच्या खोलीत पलंगाला चिकटून. धूळ तर अशी की साखरेच्या बंद डब्यातही ती होती, आणि चहा प्यायल्यावर दाताखाली कचकच लागायची. जुनं न्हाणीघर फुटल्यावर अंघोळीला मास्तरांकडे जायचं. मास्तर सज्जन, पण प्रत्येकाला पाण्याच्या बचतीवर चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडत नसत. प्लंबर म्हणायचा गवंडी आला की येतो, गवंडी म्हणायचा प्लंबरचं झालं की येतो. बाळ्याने तर कपाळाला हात लावला. दिवसा या सगळ्यांवर लक्ष ठेवायला आत्याच होती. आपल्याच खोलीचा राडारोडा पोती भरून खाली जाताना ती जिन्यात उभी राहून ओरडायची, "अरे भिंतीला घासू नका, रंग जाईल!"

तिने एकच गोष्ट मागितली. कोठीचं दार काढलं तेव्हा तिने सुताराकडून ती पितळेची कडी मागून घेतली, चिंचेने घासून लखलखीत केली, आणि भाचेसुनेपुढे धरली.

"ही नव्या दाराला आतून लावायची."

"अहो आत्या, त्याला नॉब येतो. दाबला की बंद. आणि ही त्या दारावर दिसेल कशी?"

"दिसेल आतून. पाहणार कोण? त्या गुळगुळीत गोळ्यावर माझी बोटं नाही चालत."

भाचेसुनेचा जीव भांड्यात पडला. एवढ्या सगळ्यात आत्याने मागून मागितलं काय, तर कडी! "लावू की," ती म्हणाली. या वेळी सुताराने सरळ बसवली.

फरशी झाल्यावर गवंड्याने उतार दाखवायला बादलीभर पाणी ओतलं. पाणी न अडखळता कोपऱ्यातल्या जाळीकडे गेलं. त्या कोपऱ्यात तिची उशी असायची. "एकदम पसंत ना?" गवंड्याने विचारलं. "चांगलं केलंस," आत्या म्हणाली. काम चांगलं होतं, त्याला नावं कशी ठेवणार?

घर चकाचक झालं. ट्रॉल्या बोटाने ढकलल्या तरी सरकत. ओटा आत्याच्या कोपराला बरोबर आला. सकाळची भांडणं मिटली. खालच्या बाई जिन्यात हसू लागल्या. दिवाणही आला, मऊ होता. त्यावर पाहुणे बसायचे, नात लोळत फोन बघायची, बाळ्या मोजे काढून टाकायचा. आत्याला आडवं व्हायचं असेल तर ती "जरा सरक गं" म्हणायची, आणि नात लगेच सरकायची. गुणी मुलगी.

मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. दुपारी, नाहीतर संध्याकाळी, आत्या नव्या न्हाणीघरात शिरायची ती लवकर बाहेरच यायची नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग आलं. भाचेसुनेने आणलेलं पोट साफ होण्याचं चूर्ण आत्याने मुकाट्याने फळीवर ठेवलं. बाळ्या तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, काय खाता, कधी खाता विचारलं, आणि म्हणाले, "यांचं पोट तुमच्यापेक्षा बरं आहे." घरी येताना बाळ्या म्हणाला, "मग एवढा वेळ आत काय करतेस गं?" आत्या रिक्षातून बाहेर बघत राहिली.

त्या शनिवारी जुनं न्हाणीघर भाचेसुनेने कपडे भिजवून अडवलं होतं, आणि नातीला मैत्रिणीकडे जायचं होतं. तिने नव्याचं दार वाजवलं.

"आजी, आवर ना! मला केस धुवायचेत. करतेयस काय?"

"बसलेय."

"पाण्याचा आवाज नाही, काही नाही. नुसती कशी बसलीयस?"

"स्टूल आणलंय मी."

"न्हाणीघरात?"

आतून आत्याचा नेहमीचा, शांत आवाज आला. "मी माझ्या खोलीत आहे गं. येते."

नातीला हसू फुटलं. तिने वळून बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू तिथेच थांबलं. बाळ्या हातात वर्तमानपत्र घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता आणि त्याचा चेहरा उतरला होता. इतके दिवस त्याच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. त्याने मुलीला हाताने बाजूला केलं.

"आत्या, बाहेर ये. आपण बोलू."

"बोलायचं ते फरशी फोडायच्या आधी असतं रे, बाळ्या. आता टाइल्स बसल्या."

रागाचा लवलेश नव्हता त्यात. त्यानेच तो जास्त हलला. सगळी बचत त्या टाइल्सखाली गेली होती, आणि घराला आणखी एक खोली काही कुठून उगवणार नव्हती. तो स्वयंपाकघरात गेला. चहाची पूड कुठे असते ते त्याला ठाऊक नव्हतं. एकेक ट्रॉली उघडत त्याने ती शोधली, चहा केला, थोडा उतू घालवला, आणि दोन कप घेऊन दाराशी आला. दोन्ही हात अडकलेले, म्हणून त्याने पायाच्या बोटाने हळूच दार वाजवलं.

"कोण?"

"मी. चहा आणलाय. येऊ का आत?"

त्या दारापाशी आजवर कांदे मागितले गेले होते, बटाटे मागितले गेले होते. येऊ का, असं कुणी विचारलं नव्हतं. मग कडी वाजली.

आत्या पुन्हा स्टुलावर बसली. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून बाळ्या कमोडचं झाकण पाडून त्यावर टेकला आणि पाय लांब केले. नात दारात उभी होती, तिला त्याने मान हलवून जायला सांगितलं. आत्याने हात लांब करून दार लोटलं, कडी लावली आणि कप घेतला. दोघंही फुंकर घालत चहा प्यायले.

"पाय जरा इकडे घे," आत्या म्हणाली. "तिथे माझी उशी येते."

बाळ्याने खाली पाहिलं. पाय जाळीवर होते. त्याने ते मुकाट्याने उचलून पोटाशी घेतले.