दम मोजणाऱ्या बाई

बाई मागून यायच्या, पाठीवर दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "बोलून दाखव. काल काय रांधलं?"

चालता चालता सगळं जेवण सांगता आलं तर व्यायाम मध्यम. दोन शब्दांत धाप लागली तर जोराचा. आणि एखादी गाणं म्हणायला लागली की बाई कमरेवर हात ठेवायच्या. "हा व्यायाम नाही होय वो, हे तर वरात होय!"

वरठीच्या त्या मैदानावर रोज सकाळी आम्ही नऊ-दहा जाड्या पोरी जमायचो. बाई कॉलेजात खेळ शिकवायच्या, तिकडं जायच्या आधी आमच्याकडं यायच्या. चुन्याची रेघ मारून त्यांनी आमचे दोन गट पाडले होते. एक गट चाळीस मिनिटं एका चालीनं चालायचा. दुसरा मिनिटभर पळायचा, दोन मिनिटं चालायचा, पुन्हा पळायचा. यातलं बरं कोणतं, असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "मले तरी कुठं मालूम? म्हणूनच तर तुमाले पळवून राहिली."

मी जतकडची. आठवीत शाळा सोडलेली. घरून भांडून एवढ्या लांब आले आणि स्टेशनजवळच्या मेसमध्ये कामाला लागले. स्वयंपाक खाली, पंगत वर. डाळीचं पातेलं घेऊन जिना चढताना मी मध्येच बसायचे. मेसवाले भाऊ एकदा म्हणाले, "दोन महिने पाहतो पोरी. एका दमात वर नेता आलं तर राहा, नाही तं गावाले जा." त्या धास्तीनंच मी मैदान गाठलं होतं.

पण मेसमधल्या पोरी माझ्या बोलण्याला हसायच्या, नकला करायच्या. म्हणून मी तोंड मिटूनच घेतलं होतं. बाईंनी "बोलून दाखव" म्हटलं की मी नुसतं "हं" म्हणायचे. बाई घाबरायच्या. "अवो माय, हिचा तं शब्दच फुटत नाही! बस, पाणी पी." मला चालणाऱ्यांच्या गटात घातलं. मग त्यातही सगळ्यांच्या मागं. शेवटी नुसत्या मैदानातल्या कडुलिंबाभोवती चकरा. त्यांच्या मायेला नाही कसं म्हणायचं? सात आठवडे गेले आणि जिना होता तसाच राहिला.

भाऊंच्या परीक्षेला बारा दिवस उरले तेव्हा पाठीवर पुन्हा ती बोटं टेकली आणि माझा बांध फुटला. चालता चालताच बोलत सुटले. "बाई, मला दम लागत न्हाई, लाज वाटतीया! माझं बोलणं ऐकून पोरी हसत्यात म्हणून गप ऱ्हातीया. दोन म्हैन्यांत मेसच्या जिन्यानं पातेलं एका दमात वर न्हाई गेलं तर मला घरला जावं लागंल, आन् घरी आई परत पावण्यांफुडं हुबी करंल, आन् ते माझ्याकडं बघायचं सोडून दारातली म्हस बघत्याल!"

बाई जागेवरच थांबल्या. हसतील असं वाटलं. हसल्या नाहीत.

"एवढं बोलली, अन् धाप नाही," त्या हळूच म्हणाल्या. "चुकली मी. तुले उगाच बसवून ठेवलं. किती दिवस हायेत?"

"बारा."

"एकदम जोर केला तं गुडघा जाईन. नाही केला तं नोकरी." चुन्याची रेघ त्या बुटानं उकरत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मैदानाच्या पायऱ्यांवर नेलं. चढताना भरभर, उतरताना सावकाश. आधी रिकामी बादली, मग अर्धी, मग भरलेली. प्रत्येक वेळी त्या शेजारून चढायच्या. पन्नाशीच्या असतील. आठव्या दिवशी त्यांचाच पाय मुरगळला, तर खाली बसून माझ्या गावच्या म्हशीची चौकशी करत राहिल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणाल्या, "मी नाही येणार उद्या. तुले पाहून माझंच काळीज धडधडन."

पुढं दोन महिन्यांत त्यांची साकोलीला बदली झाली. मैदानावर आता कुणी येत नाही. दोन्ही गटांत बरा कोणता ठरला, तेही आम्हाला कळलं नाही. असं एखादं माणूस तुम्हीही बघितलं असेल, आपल्या चुकीची भरपाई स्वतःच्या पायांनी करणारं. मला मात्र त्या परीक्षेच्या शनिवारी दुपारी दिसल्या, तशाच दिसतात.

पातेल्याचे कान पोळत होते. मधलं वळण आलं, जिथं मी रोज बसायचे. पण थांबले नाही. वर गेले, पातेलं टेकवलं आणि आधाराला खिडकी धरली.

रस्त्यापलीकडं पानटपरीच्या आडोशाला बाई होत्या. एका पायावर भार देऊन टपरीवाल्याला काहीतरी सांगत होत्या. दोन्ही हातांनी हवेत मोठं पातेलं करत होत्या, मग तळवा एकेक पायरी वर नेत होत्या, आणि निम्म्यात तो तसाच अधांतरी धरून मेसच्या दाराकडं बघत होत्या.

खालून भाऊंची हाक आली, "पोरी, भात कोण आणन?"

मी खिडकीतून फडकं हलवलं. बाईंना दिसलं का, माहीत नाही. पंगत बसली होती. मी भात आणायला खाली पळाले.