नापास दुधातलं फॉस्फटेज

सुरतेतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये मी वर्षानुवर्षं एकच खात्री करत आले: तापवलेल्या दुधातलं फॉस्फटेज पुरतं मेलंय ना. हे दुधातलं एक एन्झाइम. ते मेलं, की रोगजंतूही गेले असं समजायचं. परीक्षानळी पिवळी पडली तर ते जिवंत आहे, दूध नापास. त्या एन्झाइमवर माझा अगदी दात होता.

मग माझ्या भावाला मुलगी झाली, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. काचेच्या पेटीत तळहाताएवढा जीव. भावजयीला दूध उतरेना म्हणून पावडरचं दिलं. आठवड्याभरात पोरीचं पोट फुगलं, शीमध्ये रक्त दिसलं. दूध थांबवलं, सलाइन लावलं. आमच्या तोंडचं पाणी पळालं. आई पांडेसऱ्याच्या घरून मधाची बाटली घेऊन आली, कारण बाळाला पहिला मध आत्यानं चाटवायचा अशी आमच्याकडची रीत.

"पोरले बोटभर मध तरी चाटू दे ना, माय."

मी बाटली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

आतडं सावरल्यावर डॉक्टर म्हणाले, "बेन, अब माँ का दूध. बूंद-बूंद. कच्चा ही."

कच्चं! मी लगेच त्यांना माझं शास्त्र ऐकवलं. ते हसले. डेअरीचं दूध दहा हातांतून येतं, ते तापवायलाच हवं, म्हणाले. हे थेट आईकडून येतंय. आणि तुमचं फॉस्फटेज आतड्यातही असतं. आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं. त्यावर बसून ते जंतूंच्या विषाची नांगी मोडतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळात ते कमी असतं, आईच्या दुधातून थोडंफार मिळतं.

एका पेशीची भिंत! अलीकडे अगणित जंतू, पलीकडे रक्त. ज्याच्या मरणावर मी रोज सही करत होते, ते माझ्याही पोटात राबत होतं, मी लॅबमध्ये बसून डबा खात असताना. केवढं हे, आणि मला पत्ताच नाही.

एव्हाना भावजयीला दूध उतरलं होतं. पहिले थेंब नळीतून गेले. पोट पुन्हा फुगतंय का, एवढंच आम्ही बघत राहिलो. दुसऱ्या दिवशी नर्सनं लंगोट उघडून दाखवला. साधी, स्वच्छ शी. रक्ताचा टिपूस नाही.

मी हात जोडले. नर्सला हसू आलं. "बेन, माताजी उधर है," म्हणत तिनं भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

माझे हात मात्र लंगोटासमोरच जोडलेले राहिले.