एक जूनची तारीख

ऐंशीच्या दशकात आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला राहत होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पहाटे सहाची शिफ्ट करत असे. संध्याकाळी जेवायला बसेपर्यंत अंगात त्राण उरत नसे.

मुलगा हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला होता. इतिहासाच्या निबंधासाठी त्याने सिव्हिल वॉरमधली, तिथल्या यादवी युद्धातली, पलटणीत ढोल वाजवणारी पोरं निवडली होती. भरतीसाठी वय कमी पडलं की ती सरळ वाढवून सांगत. लिहून घेणाऱ्यालाही ते कळे, पण तो लिहून घेई. जेवताना मुलगा हे सांगायचा आणि मी भात वाढत ऐकायचे.

तेव्हाच त्याच्या नोंदणीची वेळ आली. अठरा वर्षं पूर्ण झाली की मुलांनी पोस्टात जाऊन लष्करासाठी नाव नोंदवायचं, असा कायदा. युद्ध नव्हतं, भरती नव्हती, नुसती नोंदणी. पण ती केली नाही तर कॉलेजसाठी सरकारी मदत मिळत नसे.

पासपोर्टवर त्याचा जन्म एक जूनचा होता. खरा सप्टेंबरचा. नागपूरला शाळेत घालताना तीन महिने कमी पडत होते. वर्ष वाया जाऊ नये म्हणून हेडमास्तरांनीच तोड सुचवली आणि मी फॉर्मवर एक जून लिहिलं. त्या वर्गातली निम्मी मुलं एक जूनलाच जन्मलेली होती. पुढे पासपोर्ट, व्हिसा, ग्रीन कार्ड, सगळं त्याच तारखेवर झालं.

तो म्हणाला, सप्टेंबरपर्यंत मी सही करणार नाही, मी अजून सतराचा आहे. नवऱ्याने पेपर खाली न ठेवता सांगितलं की आता तारीख बदलायला गेलो तर घरातल्या सगळ्यांच्या इमिग्रेशनच्या फाइली उघडतील. मुलाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"त्या पोरांनी आपलं वय स्वतः वाढवलं होतं, आई. माझं तू वाढवलंस."

मी म्हटलं, शनिवारी बोलू, आत्ता मला झोपायचंय.

शनिवारी बोलणं झालं नाही. जून लागला होता. मी किल्ली घेतली, तो गाडीत बसला. पोस्टात त्याने नोंदणीच्या कार्डावर नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि जन्मतारखेपाशी थांबला. मग कार्ड आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"तारीख तू लिही. सही मी करतो."

मागे दोन माणसं उभी होती. मी लिहिली. नागपूरला लिहिली होती तशीच, एका दमात. त्याने सही केली.

परतताना ड्राइव्ह त्याने केलं. मी डोळे मिटून बसले होते, पण झोप आली नाही.