दुसरी फाईल

"हात नको लावू" हे मी दवाखान्यात पहिल्याच दिवशी ऐकलं. हिंगणघाटच्या रस्त्यावरचा ट्रस्टचा दवाखाना, आणि मी तिथली कंत्राटी डेटाबेसवाली. साहेबांनी, म्हणजे कॉम्प्युटर विभागाच्या प्रमुखांनी, सर्व्हरच्या खोलीत नेऊन सांगितलं की फाईलीत बदल करायचा तर कर, पण मशीन बंद-चालू मीच करणार. रोज सकाळी सहाला ते स्वतः येत आणि जुन्या स्कूटरला किक मारावी तसा सर्व्हर एकदा बंद करून चालू करत. त्या बटणाला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला त्यांना चालत नसे.

घरी मी हे हसत हसत सांगितलं. बाबा हसले नाहीत. आम्ही बौद्ध. बाबांच्या लहानपणी गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, आणि "हात नको लावू" हे त्यांनी पाण्याच्या माठापाशी ऐकलेलं. मी म्हटलं, बाबा, तुमचं काहीतरीच, हे कॉम्प्युटरचं आहे. ते उठून अंगणात गेले. मला तेव्हा त्यांच्या त्या उठून जाण्याचा रागच आला होता.

पुढे दवाखान्यात नवीन वॉर्ड झाले, नोंदणीच्या खिडक्या वाढल्या, आणि सकाळी दहाच्या सुमारास पेशंटच्या चिठ्ठ्या निघणं बंद पडू लागलं. कारण साधं होतं. सर्व्हरशी एका वेळी किती कनेक्शन जोडता येतील याची एक मर्यादा असते, आमची शंभर होती. शंभर भरली की पुढच्या खिडकीवर नकाराची ओळ उमटायची आणि रांग जागच्या जागी थांबायची. सेलूकडून, पवनारहून पहिल्या बसने आलेली माणसं दुपारपर्यंत उभी राहून तशीच परत जायची.

शनिवारी डोळ्यांचं मोठं शिबिर होतं. सोमवारी डायरेक्टर मॅडमनी मला बोलावलं. मॅडम तोडून बोलणाऱ्या, पण खोट्या नाहीत. म्हणाल्या, शिबिराच्या दिवशी रांग अडकली नाही तर तुमचा कायम करण्याचा प्रस्ताव मी सही करून पाठवते. अडकली, तर महिनाअखेर कंत्राट संपतंच आहे. चार वर्षं मी अकरा-अकरा महिन्यांच्या कागदावर काढली होती. मी त्याच दुपारी सर्व्हरच्या सेटिंगची मुख्य फाईल उघडली, शंभरच्या जागी तीनशे लिहिलं, सेव्ह केलं आणि साहेबांना सांगून आले. ते म्हणाले, ठीक हाय, सकाळी बंद-चालू करतो.

मंगळवारी दहाला रांग थांबली. सर्व्हरला विचारलं, मर्यादा किती? शंभर. फाईल उघडली. तीनशे. माझ्याच हातानं लिहिलेले तीनशे माझ्याकडे बघत होते आणि सर्व्हर शंभरवर अडून बसला होता. मला वाटलं ओळीच्या सुरुवातीला खूण राहिली असेल, ती असली की सर्व्हर ओळ सोडून देतो. खूण नव्हती. वाटलं, भलत्याच फोल्डरमधली फाईल बदलली. तीही नाही. संध्याकाळी पुन्हा लिहिलं, बुधवारी सकाळी साहेबांनी पुन्हा बंद-चालू केलं, पुन्हा शंभर. गुरुवारी तेच.

कोणती किंमत कोणत्या फाईलीतून घेतली हे सर्व्हर सांगतो, पण सगळे अधिकार असलेल्यालाच. माझ्या लॉगिनला तो कप्पा रिकामा दिसायचा, आणि मोठं लॉगिन साहेबांकडे. मी तिन्ही दिवस त्यांच्या खोलीत गेले आणि विचारलं, सर, आणखी कुठे काही लिहिलेलं आहे का? ते चहा ढवळत म्हणाले, तुह्याच फाईलीत पाह्य नीट. तीन दिवस मी स्वतःला मूर्ख समजले. खिडकीवरच्या मुलींची माफी मागितली. गुरुवारी सेलूच्या एका म्हातारीनं जाळीतून विचारलं, "बाई, मायी चिठ्ठी काऊन निघून नाई राह्यली?" तिची बस चुकली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी संडासात जाऊन पुसलं.

शुक्रवारी संकष्टी चतुर्थी होती. साहेब दर चतुर्थीला केळझरच्या गणपतीला जातात आणि त्या दिवशी फोन उचलत नाहीत. मी मॅडमकडे गेले. म्हटलं, उद्या शिबिर आहे, मला फक्त एक प्रश्न सर्व्हरला विचारायचा आहे आणि तो माझ्या लॉगिनला उत्तर देत नाही. मोठ्या लॉगिनचा पासवर्ड एका बंद लिफाफ्यात मॅडमच्या ऑफिसातल्या कपाटात असायचा, अडीअडचणीसाठी. मॅडमनी कपाट उघडलं, लिफाफा फाडला आणि म्हणाल्या, करा.

रिकामा कप्पा भरला. सर्व्हरनं फाईलीचं नाव सांगितलं, आणि ती माझी नव्हती. या सर्व्हरची एक दुसरी फाईल असते. कोणी मोठ्या लॉगिननं हुकूम दिला की तो त्या फाईलीत लिहिला जातो, आणि पहिल्या फाईलीत काहीही असो, चालतं दुसरीचंच. मी कॉलेजात हे वाचलेलं, पण ती छोटीशी फाईल कधी लक्षात राहिली नाही, हेही खरं. उघडली तर आत एकच ओळ होती. शंभर. आणि फाईल लिहिल्याची वेळ होती सोमवार संध्याकाळची, मी साहेबांना सांगून आले त्यानंतर तासाभरानं.

माय वं! मी ती तारीख पुन्हा एकदा वाचली. मग ती ओळ काढली. दुपारच्या सुट्टीत, खिडक्या बंद असताना, त्या बटणाला मी हात लावला. सर्व्हर बंद झाला, चालू झाला. मर्यादा विचारली. तीनशे.

शनिवारी शिबिर चार वाजेपर्यंत चाललं आणि एकही खिडकी थांबली नाही. साहेब खिडक्यांसमोरून हात मागे बांधून फिरत होते. संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, सोमवारी शंभर तुम्ही लिहिलंत. ते चिडले नाहीत, लाजलेही नाहीत. प्रसादाचा पेढा माझ्यापुढे कागदावर सरकवत म्हणाले, "तुह्या हातानं काही बिघडलं असतं तं जबाब मले द्या लागते. म्हणून ठेवलं आपलं."

"तीन दिवस मी तुम्हाला विचारत होते."

"लेखी कुठी इचारलं?"

पेढा मी तिथेच ठेवला. भांडायला हवं होतं. टेबल उलथून टाकावं इतका राग आला होता. पण प्रस्ताव अजून मॅडमच्या टेबलावर होता, आणि मी तोंड मिटून बाहेर आले. त्या मिटलेल्या तोंडाची मला आजही चीड येते.

मॅडमनी शब्द पाळला. माझ्यासमोर सही केली, आवक-जावकचा शिक्का पडलेला मी पाहिला. महिन्याभरात आदेशही निघाला, नोटीस बोर्डावर लागला. बाबांनी त्याचा फोटो मागवून घेतला. ते तहसील कचेरीत कारकून म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी फोटो मोठा करून जावक क्रमांक आणि सही दोन्ही तपासली, मग पेढे आणले.

या गोष्टीला आठ महिने झाले. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर अजून 'कंत्राटी' छापलेलं आहे. दर सोमवारी मी आस्थापनेत जाते. तिथला कारकून चांगला माणूस आहे, खुर्ची देतो, आणि दर सोमवारी तेच सांगतो की आदेश निघाला आहे, लागू व्हायचा आहे. का होत नाही हे त्याला माहीत नाही, किंवा सांगता येत नाही.

मागच्या रविवारी बाबा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं, की सही आहे, शिक्का आहे, आदेश बोर्डावर आहे, आणि मॅडमपासून कारकुनापर्यंत कोणालाही विचारलं तरी तो कागदच दाखवतात. बाबांनी शेंग सोलणं थांबवलं नाही. सर्व्हरची ती गोष्ट मी त्यांना कधीतरी सांगितलेली, ती त्यांनी लक्षात ठेवली होती.

"मंग बाई, दुसरी फाईल कोणापाशी हाय?"

मला ठाऊक होतं. लिफाफ्याचं ते कपाट शिबिरानंतरच्या आठवड्यातच साहेबांच्या खोलीत हलवलंय, आणि आस्थापनेचे कागद सहीसाठी आता त्यांच्याच टेबलावरून जातात. मी परातीतल्या मूठभर शेंगा ओढून घेतल्या आणि त्यांच्या शेजारी सोलत बसले.