सहावा कंस

जूनमध्ये शाळा उघडणार होती आणि बाबांना काहीही करून वर्गात उभं राहायचं होतं. साल दोन हजार पाचच्या आसपासचं. होळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला. त्यातून सावरले, पण उजव्या हातात कंप राहिला. गणिताच्या मास्तरच्या हाताला कंप, म्हणजे थट्टाच झाली. टेमघरच्या आमच्या दोन खोल्यांत ते दिवसभर येरझाऱ्या घालायचे. शेजारच्या कापडाच्या कारखान्यातले लूम खडखडले की चिडायचे, भारनियमनात ते बंद पडले की आणखी चिडायचे. आईच्या आणि माझ्या नाकी नऊ आले होते.

बसायचे ते फक्त कंपास घेऊन. वर्तुळ काढायचं आणि त्यात षटकोन. 'पाय'ची किंमत शिकवायला ते दरवर्षी इथूनच सुरुवात करत. त्रिज्येएवढंच अंतर ठेवून परिघावर कंस मारत गेलं, की सहावा कंस बरोबर पहिल्या खुणेवर येतो. या षटकोनाचा घेर व्यासाच्या तिप्पट, आणि परीघ त्याहून थोडा जास्त. हा 'थोडा' म्हणजे किती, यासाठी जुन्या गणितींनी जिवाचं रान केलं. एका ग्रीकाने बाजू दुप्पट करत शहाण्णववर नेल्या, एक आकृती वर्तुळाच्या आत, एक बाहेर, आणि खरी किंमत मधे कोंडली. आपल्याकडच्या एकाने त्याहून नेमकी किंमत दिली आणि वर बजावलं, की हीसुद्धा फक्त जवळची आहे. इथे बाबांचा आवाज चढायचा. बावीस छेद सातला 'बरोबर' म्हणणाऱ्या पोराची ते खैर ठेवत नसत.

मे संपत आला असताना एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "बघ, जमलं."

सहावा कंस पहिल्या खुणेपासून चांगला बोटभर लांब पडला होता.

"जवळपास हाय. चालंल," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "चालंल काय, बाबा? हा षटकोनच न्हाय. पोरं याच्या बारा बाजू कशा करतील?"

"गप गो," आई आतून म्हणाली.

बाबांनी कंपास मिटला.

"खरंय तुझं. हेडमास्तरांना सांगून ये, मी येत न्हाय."

ते खुर्चीत टेकून बसले. शेजारी लूम सुरू झाले, तरी उठले नाहीत. मला वाटत होतं, यांनी चिडावं. निदान माझ्यावर तरी.