चांगुणामावशीच्या घराचे गोल खांब

आर्किटेक्ट नागसेन हिवाळे माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत आहे, आणि दोन्ही घरांचे नकाशे त्यानंच काढलेले. त्यामुळं तो फोनवर कुणाशी काय बोलतो, ते मला पलंगावर पडल्या पडल्या कळतं. मी कान लावतो असं कुणी म्हणू नये. भिंतच पातळ आहे.

बुलढाण्यात आर्किटेक्ट म्हटलं की लोक विचारतात, 'म्हणजे इंजिनियरच ना?' नागसेन शांतपणे फरक समजावून सांगतो. समोरचा मान हलवतो आणि म्हणतो, 'बरं, इंजिनियरसाहेब.' इतकी वर्षं कुणी न ओळखलेला असा माणूस विभागीय वास्तुरचना पुरस्कारांचा परीक्षक म्हणून निवडला गेला, तेव्हा त्याला जे वाटलं असेल ते मी समजू शकतो. माझं फ्लेक्सचं दुकान आहे. मी न विचारताच चौकात त्याचा हात जोडलेला फोटो लावला. वर लिहिलं, 'आपल्या गल्लीचे जज'.

"इंद्रभानभाऊ, जज नाही हो, ज्युरी," तो म्हणाला.

"खालच्या कोर्टाचे का वरच्या?"

फ्लेक्स त्यानं काढू मात्र दिला नाही.

दुसऱ्याच दिवसापासून त्याची भाषा बदलली. 'मले' गेलं, 'मला' आलं. 'काऊन'च्या जागी 'का' विचारायला लागला. त्याची बायको मंजुश्री भिंतीपलीकडून आमच्या रुपालीला सांगत होती, "भाजीत मीठ कमी पडलं तं म्हणतात, चव जरा संयत आहे." दोघी हसत राहिल्या. बिचारा पलीकडच्या खोलीत आरशासमोर 'अवकाश', 'प्रमाणबद्धता' असे शब्द घोटून राह्यला होता.

परीक्षक तिघं. नागपूरच्या एक मॅडम, पुण्याचे एक सर आणि आमचा नागसेन. अर्ज तिघांनी वाटून वाचले, त्यातून निवडलेली घरं सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष पाहायची. काम करणाऱ्याचं नाव झाकलेलं, घरावर फक्त नंबर. गाडी माझी, कारण नागसेनच्या गाडीचा एसी बंद आणि पुण्याच्या सरांसमोर काच खाली करणं त्याला बरं वाटेना.

जुन्या घराची नव्यानं केलेली रचना, असा एक गट होता. त्यातलं एक घर जवळच्याच धाड गावचं निघालं, मॅडमच्या गठ्ठ्यातलं. बाजाराच्या अलीकडं मॅडमनी गाडी वळवायला सांगितली आणि मला दुरूनच ते दोन गोल खांब दिसले. मी आरशात पाहिलं. नागसेननंही खांब पाहिले होते. त्यानं रुमाल काढला आणि कोरडं कपाळ पुसलं.

ते घर चांगुणामावशीचं. मावशी म्हणजे नागसेनच्या आईची बालपणीची मैत्रीण. नवरा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाला तेव्हा त्यांनी घर बांधलं, आणि नकाशा काढला कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नागसेननं. त्याच्या हातचं पहिलं घर. पुढं गोल खांब, त्यांच्या बाजूनं वर चढणारा गोल जिना. धाडात तसं काही नव्हतं तेव्हा. गृहप्रवेशाला मी होतो. बुद्धवंदना झाल्यावर मावशीनं त्याला सगळ्यांसमोर शाल दिली आणि म्हणाली, "माह्या पोरानं बांधलं."

तो गोल जिना नेमका स्वयंपाकघराच्या एकुलत्या एक खिडकीवरून गेला होता, हे तेव्हा कुणी बोललं नाही. शाल अंगावर असलेल्या माणसाला काय बोलणार.

आता तो जिना तोडलेला होता. नवा साधा लोखंडी जिना मागच्या बाजूला. स्वयंपाकघराला ओट्याएवढी लांब खिडकी, बाहेर विटांची जाळी, भांडी घासायला आणि पापड वाळवायला सावलीतला कट्टा. पुढचे गोल खांब तेवढे जसेच्या तसे.

मॅडमनी फाइलमधून कामाआधीचा फोटो काढून सरांना दाखवला. सर फोटोकडं पाहत राहिले.

"स्वयंपाकघराच्या तोंडावर जिना बसवणारा हा महाभाग कोण?"

इथं नागसेननं गप्प बसायला हरकत नव्हती. पण तो हसला. सरांपेक्षा मोठ्यानं.

"आमच्याकडं हे असंच आहे, सर. एखादा मिस्त्री येतो, काडीनं जमिनीवर रेघा ओढतो, की झालं घर."

त्याच वेळी मावशी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मी तोंड उघडलं. मावशीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी ते बिस्किट घालून बंद केलं.

"हो ना साहेब," मावशी सरांना म्हणाली, "मिस्त्रीनंच केलं होतं. पोरगा लई गुणाचा होता. पर शिकलेला नव्हता."

नागसेननं ट्रेमधला कप उचलला. मावशीनं त्याला परक्या माणसासारखं विचारलं, "साखर चालते का तुम्हाले?" ज्याला तिनं उभ्या जन्मात 'तू' सोडून हाक मारली नव्हती त्याला.

परतीच्या वाटेवर गुणांची चर्चा सुरू झाली. मॅडमना धाडचं घर पहिलं हवं होतं. सर म्हणाले, "काम नीटस आहे, पण मिस्त्रीची चूक दुरुस्त करण्यात काय विशेष? काय तोडायचं ते समोर दिसतच होतं. दुसऱ्या आर्किटेक्टच्या घराला हात लावायचा असता तर खरी परीक्षा. आणि ते खांब का ठेवले? कशालाच उपयोगाचे नाहीत. तिथं धैर्य कमी पडलं." मग त्यांनी मागं वळून विचारलं, "तुमचं काय मत, हिवाळे?"

एक वाक्य पुरलं असतं. सर, ते घर माझं आहे. तेवढ्यानं खांबांचा अर्थ लागला असता आणि ते घर नव्यानं करणाऱ्याला त्याचं माप मिळालं असतं. मी गाडी उगाच हळू केली, कुणाला बोलायचं असेल तर बोलावं म्हणून.

"खांबांबद्दल सरांशी सहमत आहे," नागसेन म्हणाला.

पहिलं बक्षीस अकोल्याकडच्या एका बंगल्याला गेलं. धाडच्या घराला दुसरं.

समारंभ बुलढाण्यातच झाला. स्टेजच्या मागचा फ्लेक्स माझाच, आणि तो एका कोपऱ्यातून सुटत होता म्हणून मी पडद्याआड दोरी धरून उभा. धाडच्या घरासाठी नाव पुकारलं, प्राची देशमुख. चिखलीची मुलगी, नवं नवं ऑफिस टाकलेली. प्रमाणपत्र नागसेनच्या हातून. फोटोग्राफर म्हणाला, "थोडं थांबा सर," आणि दोघं कागद धरून थांबले. तेवढ्यात ती हळूच बोलली.

"सर, मावशींनी सांगितलं होतं मूळ घर तुमचं आहे. मी अर्जात तुमचं नाव मुद्दाम घातलं नाही. खांब तुमचे म्हणून ठेवले."

"छान," नागसेन म्हणाला. "छान, छान."

तो फोटो मी पाहिला आहे. त्यात तिचं तोंड समोर आहे आणि परीक्षक स्वतःच्या बुटांकडं पाहत आहेत.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज येईना. मंजुश्री म्हणाली, जेवत नाहीत. मग एका सकाळी त्यानं पुरस्कार देणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं, जुन्या भाषेत, 'मले' आणि 'माह्यं' करत. अध्यक्ष काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण नागसेन म्हणत होता, "हो, ट्रॉफ्या वाटून झाल्या, ते मले समजते. पर तिचं नाव... बरं. ठीक आहे." निकाल बदलला नाही. चिखलीला जाऊन त्यानं प्राचीला सांगितलं, की तुझे गुण माझ्या तोंडामुळं गेले. ती काय म्हणाली हे मी खोदून खोदून विचारलं. "चहा पाजला," एवढंच म्हणाला.

मग मला घेऊन धाडला गेला. मावशी चुलीवरचं पिठलं आता गॅसवर करते, पण भाकरी तशीच थापते. नागसेन बैठकीत न बसता आत जाऊन ओट्याजवळ उभा राहिला.

"मावशी, तू काऊन नाही बोलली मले? इतकी वर्षं आत भाजून निघाली."

"तू आत आला असता तं दिसलं असतं. दरवेळी पुढच्या खोलीत बसला, खांबाले हात लावला, चहा घेतला अन् गेला." तिनं भाकरी उलटली. "बस. गरम आहे तंवर खा."

"अन् त्या दिवशी मिस्त्री काऊन म्हणाली?"

"मंग काय म्हणू बे? तू हसून राह्यला होता."

तो खाली मान घालून जेवला. खिडकीतून चांगलं वारं येत होतं. त्याची पाठ सगळा वेळ खिडकीकडं होती.

चौकातला फ्लेक्स त्यानं मला काढायला लावला. मी म्हटलं, "राहू दे, ऊन लागून फोटो आपोआप उडते." त्यानं ऐकलं नाही, स्वतः शिडी धरून उभा राहिला. मी खाली उतरून फ्लेक्सची गुंडाळी केली.

परवा सकाळी तो आमच्याकडं आला. बैठकीतली खुर्ची मी पुढं केली, तर तो सरळ स्वयंपाकघरात गेला. रुपाली पोळ्या लाटत होती. तो वरच्या झरोक्याकडं पाहत राहिला, जो त्यानं माझ्या बेडरूमची भिंत सरळ यावी म्हणून लहान केला होता.

"वहिनी," त्यानं विचारलं, "इथं गरम होते का?"

रुपालीनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. पदरानं गळा पुसला.

"होते ना भाऊ," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."