अनुमोदक नसलेला ठराव

माझी वहिनी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते आणि घरी ते राबवते. लग्न होऊन ती आली त्याच वर्षी दादाने बाहेरच्या खोलीला हिरवा रंग द्यायचं काढलं. वहिनी म्हणाली, "सूचना आली. अनुमोदन कोण देतंय?" मी साफ नाही म्हणालो. रंग बारगळला आणि दादा माझ्याशी चार दिवस बोलला नाही.

शाळेत तिचं नाव ठरावबाई. तिच्या वर्गात तास सुरू होतो तो मागच्या तासाचं इतिवृत्त वाचून. ते वाचून कायम झाल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही. खिडकी उघडायची तरी एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो, आणि खिडकीशेजारी बसणाऱ्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. सगळा शिक्षकवर्ग तिला हसायचा. सगळ्यात जास्त मी. मी त्याच शाळेत प्रयोगशाळा सहायक आहे, आणि दीर म्हटल्यावर एवढा हक्क असतोच. पण एक सांगतो. मागच्या अंगणातला मोडका नळ दुरुस्त करा म्हणून मी दोन वर्षं तोंडी सांगत होतो. तिच्या नववी ब ने अर्ज केला, पोच घेतली, स्मरणपत्र पाठवलं, आणि नळ आठ दिवसांत नवा बसला.

यंदा शाळेत भविष्य कौशल्य कक्ष आला. पंधरा संगणक, भिंतभर पडदा आणि गुडघ्याएवढा एक यंत्रमानव. मुलांनी उद्याच्या नोकऱ्यांसाठी आणि उद्याचे नागरिक म्हणून तयार व्हावं, असं सोबतच्या पत्रात होतं. मुख्याध्यापकांनी पत्र वाचलं आणि मला म्हणाले, "तपासणी होईपर्यंत कुलूप. पोरं मोडतोड करतील." किल्ली माझ्याकडे आली.

मग त्यांनी वहिनीला बोलावलं. नव्या कक्षासाठी वेळापत्रकात जागा हवी होती, आणि त्यांच्या मते नागरिकशास्त्रासारखा सुस्त तास दुसरा नव्हता. तपासणीला येणारी समिती खूश झाली तर तास राहील, नाहीतर पुढच्या वर्षीपासून बाईंनी पुस्तकांच्या खोलीत बसून पुस्तकं वाटायची. समितीसमोर नववी ब ला उभं करायचं ठरलं. वर बारा उत्तरांचा कागद दिला. चौथं उत्तर असं होतं: "यंत्रमानवाबरोबर काम केल्यामुळे आम्ही स्वतंत्रपणे विचार करू लागलो." हे सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं होतं.

त्या दिवशी वहिनी घरी जेवली नाही. बावीस वर्षं जे केलं ते सोडून पुस्तकांवरची धूळ झटकायची, या विचाराने तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवशी तिने तो कागद वर्गात नेला. तास संपायच्या आधीच ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

तपासणीला तीन जण आले. त्यांतल्या अध्यक्षबाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या. मी कुलूप काढून, धूळ पुसून, दाराशी नम्रपणे उभा. मुख्याध्यापकांनी हसतमुखाने मुलांकडे हात केला. "विचारा, काहीही विचारा."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "या कक्षामुळे तुमच्यात काय बदल झाला?"

वर्गाची सचिव उठली. वेण्या घट्ट बांधलेली, किरकोळ मुलगी. "अध्यक्ष महोदया, आधी मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करावं लागेल. त्याशिवाय कामकाज सुरू होत नाही."

यात बंड वगैरे काही नव्हतं. वर्षभराची सवय. आज इतिवृत्त नको, हे सांगायचं वहिनीच्या डोक्यातच आलं नव्हतं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "वाचा."

"विषय एक. बारा उत्तरे पाठ करणे. सूचक, बाई. अनुमोदक, कोणीही नाही. ठराव बारगळला. त्यानंतर बाई वर्गाबाहेर गेल्या. बाई काळजीत दिसल्यामुळे उत्तरे पाठ करावीत, मात्र ती खरी आहेत असे म्हणू नये, असे एकमताने ठरले. विषय दोन. यंत्रमानव. कक्षाला कुलूप असल्यामुळे पाहता आला नाही. प्रयोगशाळा सहायकांकडे तीन वेळा किल्ली मागितली. पहिल्यांदा ते उद्या या म्हणाले. दुसऱ्यांदा ते चहा पीत होते. तिसऱ्यांदा ते दिसले नाहीत."

तिसऱ्यांदा मी कपाटामागे होतो. तीन जणांची समिती वळून माझ्याकडे बघायला लागली, आणि मुख्याध्यापकही असे बघत होते की जणू कुलूप मी माझ्या हौसेने लावलं होतं.

अध्यक्षबाईंनी वहिनीला विचारलं, "बाई, हे खरं?"

वहिनी उभी राहिली. "खरं आहे. तास जाईल म्हणून घाबरून मी ठराव मांडला. मुलांनी साथ दिली नाही, ते बरं केलं. माझं हे म्हणणं नोंदवून घ्या." सचिव मुलीने लगेच लिहून घेतलं.

"मुलं जरा खोडकर आहेत," मुख्याध्यापक म्हणाले. अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी मुलांनाच विचारलं, "बाईंचा हा तास पुढच्या वर्षी ठेवायचा का?"

बत्तीस हात वर गेले. "विरोधात?" नऊ हात वर गेले. वहिनीचा चेहरा मला बघवेना. अध्यक्षबाईंनी कारण विचारलं, तेव्हा शेवटच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "खिडकी उघडायला वीस मिनिटं लागतात, बाई. तोवर घाम सुकतो."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. नागरिकशास्त्राचा तास ठेवावा आणि कक्ष शाळेच्या वेळात उघडा असावा, एवढंच त्यात होतं. घरी दादाने ते पत्र दोनदा मोठ्याने वाचलं. वहिनी मात्र त्या नऊ जणांबद्दलच बोलत होती.

"विसर आता त्यांना," दादा म्हणाला. "पोरंच ती."

"विसरू कशी?" वहिनी म्हणाली. "समोर मुख्याध्यापक, समोर समिती, समोर मी रडवेली उभी. तरी नऊ हात वर गेले. बावीस वर्षांत याहून चांगलं काही शिकवलं नाही मी." आणि ती खरंच रडायला लागली, हसत हसत.

मी मान खाली घालून जेवत राहिलो. त्या नऊ पोरांनी माझ्या वहिनीच्या विरोधात मत दिलं होतं, आणि मला त्यांचा हेवा वाटत होता.